सातबारा क्लीअर आहे, पण सही कोणाची?

ज्यांनी एपिसोड ऐकला नाही, किंवा ऐकता ऐकता बस बल्लारशाच्या पुढे गेली आणि नेटवर्क गेलं, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. कलमं आणि तारखा कानाने पकडायला कठीण जातात, म्हणून त्या इथे नीट मांडल्या आहेत. बाकी बोलणं तेच आहे.

विषय जमिनीचा. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत सध्या जिथे जावं तिथे जमिनीचं बोलणं सुरू असतं. कोणाला ताडोब्याच्या वाटेवर होमस्टे काढायचा आहे. कोणाला हायवेला लागून गोडाऊन पाहिजे. कोणाला बांबूचं छोटं युनिट टाकायचं आहे. कोणी पुण्या-नागपुरात नोकरी करतो आणि घरच्यांच्या नावावर गावाकडे चार पैसे गुंतवायचे म्हणतो. आणि प्रत्येक बोलण्यात हे वाक्य येतंच: "सातबारा क्लीअर आहे ना जी, मग अडचण काय?"

आजचा सगळा एपिसोड या एका वाक्यावर आहे.

सातबारा सांगतो की जमीन कोणाच्या नावावर आहे. ती विकायला, भाड्याने द्यायला, तिच्यावर शेड बांधायला किंवा तिथला माल ट्रकमध्ये भरून न्यायला सही कोणाची लागते, हे सातबारा पूर्ण सांगत नाही. आपल्या दोन जिल्ह्यांत तर मालकाच्या सहीशेजारी आणखी तीन सह्या लागू शकतात: केंद्र सरकारची, कलेक्टर आणि राज्य सरकारची, आणि ग्रामसभेची. यातली कोणती लागते ते न बघता दिलेले पैसे पाण्यात जाऊ शकतात. आणि दुसऱ्या बाजूला, याच सहीला बगल देऊन एखाद्या घराची पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन जाऊ शकते.

मी वकील नाही, कोड लिहून पोट भरतो. त्यामुळे हा सल्ला समजू नका. वकिलाकडे जाण्याआधी कोणते प्रश्न घेऊन जायचे, एवढंच मी सांगतोय. आपल्या भाषेत बोलायचं तर गूगल ड्राइव्हवर फोल्डर तुमच्या नावाचं दिसतं, पण डिलीट करायला गेलं की "परवानगी नाही" असं येतं. नाव वेगळं, परवानगी वेगळी. जमिनीचंही तसंच आहे.

सातबारा आणि रजिस्ट्री काय सिद्ध करतात?

सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२. सातमध्ये कब्जेदाराचं नाव, क्षेत्र, भूधारणा पद्धती, इतर अधिकार. बारामध्ये पीकपाणी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद खरी धरली जाते, पण कुठपर्यंत? उलट सिद्ध होईपर्यंत. ही नोंद मुळात शेतसारा कोणाकडून घ्यायचा यासाठी आहे. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने वेगवेगळ्या निकालांत पुन्हा पुन्हा सांगितलं आहे.

मग लोक म्हणतात, "रजिस्ट्री तर झाली ना!" रजिस्ट्रीने दस्त नोंदला जातो. विकणाऱ्याला विकायचा हक्क होता, हे रजिस्ट्रीने सिद्ध होत नाही. ७ एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने तमिळनाडूच्या एका प्रकरणात हेच सांगितलं. तिथल्या एका नियमाने दुय्यम निबंधकाला विकणाऱ्याची मालकी तपासायला लावली होती. कोर्टाने तो नियम रद्द केला आणि म्हटलं की नोंदणी कायदा, १९०८ प्रमाणे मालकी ठरवणं हे त्याचं काम नाही. तेव्हा स्टॅम्प ड्युटी भरली, अंगठा लावला, कॅमेऱ्यात फोटो निघाला, तरी मूळ प्रश्न जिथल्या तिथेच राहतो. विकणाऱ्याच्या हातात जेवढं होतं तेवढंच तुमच्याकडे येतं.

आता त्या तीन सह्या एकेक करून बघू.

पहिली सही: झुडपी जंगल आणि केंद्र सरकार

"झुडपी जंगल" हा शब्द नाशिक-साताऱ्याच्या माणसाला नवा वाटेल. आपल्याकडे तो रोजचा आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांच्या महसूल कागदांत ही नोंद सापडते. आपला भाग १९५६ पर्यंत मध्य प्रांतात, म्हणजे नंतरच्या मध्य प्रदेशात होता. मालगुजारी पद्धत होती. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि गावाची पडीक जमीन, चराई, झुडुपं सरकारजमा झाली. गावकऱ्यांनी ढोरं कुठे चारायची, जळतण कुठून आणायचं, हे निस्तार पत्रकात लिहिलेलं असे. त्यात काटेरी, खुरट्या झाडोऱ्याचं रान होतं त्याला नाव पडलं झुडपी जंगल. म्हातारी माणसं आजही त्याला ढोरं चारायचं रान म्हणूनच ओळखतात.

गोंधळ असा झाला की कागदावर "जंगल" हा शब्द राहिला आणि जमिनीवर गाव वाढत गेलं. घरं झाली, शाळा झाल्या, सरकारी कचेऱ्या झाल्या, स्मशानं झाली, दुकानंही झाली. मग दोन तारखा आल्या.

पहिली तारीख २५ ऑक्टोबर १९८०. वन संवर्धन कायदा लागू झाला. वनजमीन दुसऱ्या कामासाठी वापरायची तर केंद्र सरकारची आधी परवानगी पाहिजे, असा नियम झाला.

दुसरी तारीख १२ डिसेंबर १९९६. गोदावर्मन प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वन म्हणजे शब्दकोशातल्या अर्थाने जे वन आहे ते, आणि सरकारी कागदात वन म्हणून नोंदलेली कोणतीही जमीन. मालक कोण आहे, याने फरक पडत नाही.

आता झुडपी जंगलाच्या नोंदीतच "जंगल" आहे. मग ते वन की महसुली जमीन? यावर वर्षानुवर्षं घोळ चालला. प्रश्न सुमारे ८६ हजार हेक्टरचा होता, म्हणजे ८६० चौरस किलोमीटरचा. मुंबई शहर आणि उपनगर दोन्ही मिळून सुमारे ६०० चौरस किलोमीटर भरतात, यावरून अंदाज करा.

तिसरी तारीख २२ मे २०२५. सरन्यायाधीश भूषण गवई, म्हणजे आपल्या अमरावतीचेच, आणि न्यायमूर्ती ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने निकाल दिला: झुडपी जंगल हे वनच आहे. पण लोक जिथे आधीच राहतात त्यांचा विचारही कोर्टाने केला. ढोबळमानाने तीन कप्पे पडतात.

१२ डिसेंबर १९९६ पर्यंत सक्षम अधिकाऱ्याने रीतसर वाटप केलेल्या जमिनी: यांच्यासाठी राज्याने जिल्हावार प्रस्ताव करून केंद्राची मंजुरी घ्यायची आहे. त्यानंतर वाटलेल्या जमिनी: या का वाटल्या आणि कोणत्या अधिकाऱ्यांनी वाटल्या ते राज्याने सांगायचं, आणि त्या अधिकाऱ्यांवरच्या कारवाईची खात्री झाल्यावरच केंद्राने विचार करायचा. आणि २५ ऑक्टोबर १९८० नंतर धंद्यासाठी केलेली अतिक्रमणं: ही काढायची. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष पथक आणि दोन वर्षांची मुदत.

आता हे तुमच्या-माझ्या व्यवहाराला कुठे लागतं ते बघा. समजा तुम्ही हायवेलगत तयार शेड घेताय. विकणारा सांगतो, "वीस वर्षांपासून इथेच धंदा आहे, घरटॅक्स भरतो, लाइट मीटर माझ्या नावावर आहे." सगळं खरं असेल. पण घरटॅक्सची पावती आणि मीटर यांनी वनजमिनीची बिगर-वनजमीन होत नाही. खरा प्रश्न हा की जुन्या कागदात ही जमीन काय होती, वाटप कोणत्या तारखेला झालं आणि कोणी केलं. म्हणून फक्त आजचा डिजिटल सातबारा बघून थांबू नका. १९५४-५५ चा अधिकार अभिलेख आणि निस्तार पत्रक मागा. त्यात त्या नंबरापुढे "झुडपी जंगल", "मोठ्या झाडांचे जंगल", "लहान झाडांचे जंगल" असं काही लिहिलं असेल तर तिथेच थांबा आणि वकिलाला गाठा.

दुसरी सही: आदिवासींची जमीन, कलेक्टर आणि राज्य सरकार

साहुकाराच्या वहीतलं कर्ज, दारूची उधारी, लग्नासाठी घेतलेले पैसे, आणि त्या बदल्यात कोऱ्या कागदावर अंगठा. आदिवासींच्या जमिनी अशाच गेल्या. म्हणून १९७४ मध्ये महाराष्ट्राने दोन गोष्टी केल्या. एक, आधी गेलेल्या जमिनी परत करण्याचा वेगळा कायदा केला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातल्या हस्तांतरांसाठी तो होता. दोन, पुढे जाऊ नयेत म्हणून जमीन महसूल संहितेत कलम ३६-अ घातलं.

कलम ३६-अ सोप्या भाषेत असं. अनुसूचित जमातीच्या माणसाची जमीन बिगर-आदिवासीला द्यायची असेल, तर पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला किंवा गहाणाला कलेक्टरची आधी मंजुरी लागते. विक्री, बक्षीसपत्र, अदलाबदल किंवा त्याहून लांबचा पट्टा असेल, तर कलेक्टरची मंजुरी लागते आणि तीही राज्य सरकारच्या पूर्वमान्यतेने. परवानगीशिवाय केलं तर कलेक्टर अर्जावरून चौकशी करू शकतात, स्वतःहूनही करू शकतात. जमीन मूळ धारकाकडे परत जाऊ शकते.

इथे एक बारीक गोष्ट आहे आणि बहुतेक लोक तिथेच फसतात. सातबाऱ्यावर "भोगवटादार वर्ग २" लिहिलं असलं की लोक सावध होतात, कारण वर्ग २ ची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही, हे सगळ्यांना माहीत झालंय. "वर्ग १" दिसलं की निर्धास्त होतात. पण ३६-अ हे जमिनीच्या वर्गावर अवलंबून नाही, ते धारक कोण आहे यावर अवलंबून आहे. वर्ग १ ची जमीन असली आणि धारक गोंड, माडिया, परधान, कोलाम असा अनुसूचित जमातीचा असला, तर ३६-अ लागू होतं. "इतर अधिकार" रकान्यात शेरा असेल तर उत्तमच. शेरा नसला म्हणजे कलम लागू नाही, असं मात्र नाही.

मग पळवाटा निघतात. स्टॅम्प पेपरवर इसारपत्र. कुलमुखत्यारपत्र. "मैत्रीखातर" वापरायला दिली असा करार. एखाद्या आदिवासी कामगाराच्या नावावर घ्यायची आणि पैसा दुसऱ्याचा. यातल्या प्रत्येकाला लोक "इथे असंच चालते" म्हणतात. कायद्याचे शब्द मात्र विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, पट्टा "किंवा अन्यथा" असे आहेत. त्या "अन्यथा"त या पळवाटा गाठल्या जाऊ शकतात. आणि दुसऱ्याच्या नावावर घेतलेली जमीन उद्या त्याने "माझीच आहे" म्हटलं, तर तुम्ही कोणत्या तोंडाने कोर्टात जाणार? बेनामी व्यवहाराचा कायदा वेगळाच मानगुटीवर बसतो.

एक आक्षेप खरा आहे, तो झाकून ठेवायला नको. आदिवासी तरुणच विचारतात, "आमची जमीन आम्हालाच का विकता येऊ नये? शेजारच्याला भाव मिळते, आम्हाला का नाही?" प्रश्न रास्त आहे. बँकेचं किंवा सहकारी सोसायटीचं कर्ज काढायला संहितेत वेगळी तरतूद आहे, पण त्याने भावाचा प्रश्न सुटत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी गडचिरोलीत घोषणा केली की आदिवासींना आपली जमीन खासगी व्यक्तींना थेट भाडेपट्ट्याने देता यावी असा कायदा आणू, आणि एकरी वर्षाला किमान ५० हजार रुपये भाडं ठेवू. काहींना यात उत्पन्न दिसलं, काहींना जुन्या साहुकारीचा नवा दरवाजा दिसला.

माझं म्हणणं दोन्ही बाजूंना एकच आहे. घोषणा म्हणजे कायदा नव्हे. कोणी एजंट दारात येऊन "आता कायदा बदलला, सही करा" म्हणाला, तर राजपत्राची प्रत मागा. प्रत दाखवता आली नाही तर चहा पाजा आणि रवाना करा.

तिसरी सही: जंगलातला माल आणि ग्रामसभा

आतापर्यंत जमीन झाली. आता जमिनीवरचा माल. बांबू, तेंदूपत्ता, मोहफूल, डिंक, मध. हा धंदा इथला सगळ्यात जुना, आणि यात कायद्याने सगळ्यात मोठी उलथापालथ केली ती आपल्याच जिल्ह्यात.

गडचिरोलीपासून धानोऱ्याच्या वाटेवर मेंढा लागतं, मेंढा-लेखा म्हणून ओळखतात. वनहक्क कायदा २००६ चा, नियम २००८ चे. २००९ मध्ये मेंढ्याच्या ग्रामसभेला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. कायद्याच्या कलम २(आय) मध्ये गौण वनोपजाच्या यादीत बांबूचं नाव स्पष्ट आहे. कलम ३(१)(सी) गौण वनोपज गोळा करायचा, वापरायचा आणि विकायचा मालकी हक्क देतं. म्हणजे प्रश्न मिटायला पाहिजे होता.

मिटला नाही. कारण भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये "झाड" या शब्दाच्या व्याख्येत बांबू होता. शास्त्राने बांबू गवत आहे, कायद्याने झाड होतं. वनखात्याचं म्हणणं, झाड असेल तर इमारती लाकडासारखे नियम. वर्षानुवर्षं या भागातला बांबू सरकारी पट्ट्याने बल्लारपूरच्या पेपर मिलला जात होता, त्या व्यवस्थेत गावाची सही कुठेच नव्हती. आता गावाकडे मालकी आली, पण ट्रक गावाबाहेर काढायला वाहतूक परवाना लागतो, आणि परवान्याचं पुस्तक वनखात्याकडे. फोल्डर तुमचं, पासवर्ड दुसऱ्याकडे!

२७ एप्रिल २०११ ला मेंढ्यात तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत ते परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं गेलं. देवाजी तोफा आणि गावकऱ्यांनी, मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने, त्यासाठी वर्षानुवर्षं अभ्यास आणि पाठपुरावा केला होता. पुढे २०१२ च्या सुधारित नियमांत ग्रामसभेच्या समितीने वाहतूक परवाना द्यायची तरतूद आली. आणि वन अधिनियमातल्या व्याख्येतून बांबू निघाला तो २०१७ च्या अध्यादेशाने. त्यामुळे शेतात, बांधावर लावलेल्या बांबूच्या तोडीचा आणि वाहतुकीचा मार्ग मोकळा झाला.

धंदा करणाऱ्यासाठी यातून तीन गोष्टी निघतात.

एक, माल विकत घेता येतो, हक्क विकत घेता येत नाही. कलम ४(४) सांगतं की हा हक्क वारशाने जातो, पण विकता येत नाही, दुसऱ्याला देता येत नाही. म्हणून "या गावचं जंगल तीस वर्षांसाठी आमच्या कंपनीकडे आहे" असा कागद कोणी दाखवला, तर त्यात पैसा घालण्याआधी तो कागद याच कलमाशेजारी ठेवून बघा. हंगामाचा बांबू, ठरलेल्या दराने, ठरलेल्या नगाने, हा करार होऊ शकतो.

दोन, सरपंचाची सही म्हणजे ग्रामसभेची सही नव्हे. ग्रामपंचायत वेगळी, ग्रामसभा वेगळी. वनहक्क नियमांप्रमाणे ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर पाहिजेत, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला पाहिजेत. एका पंचायतीत चार टोले असतील तर चार वेगळ्या ग्रामसभाही असू शकतात. तेव्हा कराराला ठरावाची प्रत जोडा, तारीख आणि हजेरी बघा. जो ठराव रात्री दोघा-तिघांनी लिहिला, तो उद्या गाव मानणार नाही, आणि मानायचं कारणही नाही.

तीन, ग्रामसभा "नाही" म्हणू शकते. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव बघा. २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. गाव बांबू विकतं, त्यावर रोजगार चालतो. पण तेंदूपत्ता तोडायचा नाही असं त्यांनी ठरवलं, कारण पानासाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लावल्या जातात, जंगलाचं नुकसान होतं. हातातला पैसा सोडला. आता ठेकेदाराने कितीही भाव लावला तरी जे विकायला नाही ते विकत कसं घेणार? आणि मेंढ्याने तर २०१३ मध्ये शेतजमिनीही ग्रामदान कायदा, १९६४ प्रमाणे ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. तिथे एकट्या शेतकऱ्याशी व्यवहार करून बाहेरच्या माणसाच्या हाती काही लागणार नाही.

"हे लहान व्यापाऱ्यांचं झालं, मोठ्या कंपन्यांना कोण विचारते?" असं कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी ओडिशातलं नियमगिरी. तिथे बॉक्साइटची खाण होणार होती, मागे वेदांता समूहाचा कारखाना उभा होता. १८ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की डोंगरावरच्या धार्मिक आणि सामूहिक हक्कांबद्दल ग्रामसभांनी ठरवावं. बारा ग्रामसभा झाल्या. बारापैकी बाराही "नाही" म्हणाल्या. त्या डोंगरावर खाण झाली नाही. कारखान्यात घातलेले पैसे किती, याने त्या बारा ठरावांचं वजन कमी झालं नाही.

याचा अर्थ प्रत्येक खाणीत, प्रत्येक गावात असंच होतं असं नाही. ग्रामसभेची संमती कधी घ्यायची, कोणत्या टप्प्यावर घ्यायची, यावर केंद्राचे नियम बदलत आले आहेत, भांडणं चालू आहेत. पण गुंतवणूक करणाऱ्याने "ग्रामसभा म्हणजे शेवटची औपचारिकता" असं धरून हिशोब मांडला, तर तो हिशोब चुकीच्या पायावर आहे.

पैसे देण्याआधी

हा भाग स्क्रीनशॉट काढून ठेवा.

१. डिजिटल सातबारा आणि आठ-अ काढा. भूधारणा पद्धती आणि "इतर अधिकार" हे दोन रकाने आधी वाचा, नाव नंतर.

२. सगळे फेरफार उलट्या क्रमाने वाचा, आजपासून मागे. मध्ये एखादा फेरफार गायब असेल तर तोच मागा.

३. १९५४-५५ चा अधिकार अभिलेख आणि निस्तार पत्रक बघा. "जंगल" शब्द आला की थांबा.

४. आजचा आणि आधीचा धारक कोण, अनुसूचित जमातीचा होता का, असेल तर परवानगीचा आदेश कुठे आहे? आदेशाचा नंबर आणि तारीख घ्या, कलेक्टर कचेरीत खात्री करा.

५. गाव अनुसूचित क्षेत्रात आहे का? गडचिरोलीचा मोठा भाग आणि चंद्रपुरात जुन्या राजुरा तालुक्यातली गावं यात येतात. तिथे पेसा कायदा, १९९६ लागू आहे आणि ग्रामसभेचे अधिकार जास्त आहेत.

६. जमिनीला लागून सामूहिक वनहक्काचं क्षेत्र आहे का? नकाशा गावातच असतो. गावात जा, बसा, विचारा. हे काम अॅपवर होत नाही.

७. आणि ठरलेले पैसे बँकेतूनच द्या. "थोडे रोख, बाकी कागदावर" म्हणणारा माणूस तुमच्या अडचणीच्या दिवशी फोन उचलणार नाही.

कोणी म्हणेल, एवढं बघायचं तर धंदाच कसा करायचा? करता येतो. मेंढ्याचा आणि पाचगावचा बांबू विकत घेणारे धंदाच करतात ना. फरक इतकाच की त्यांनी ज्याची सही लागते त्याच्याशीच बोलणी केली. ज्या सहीला लोक अडथळा म्हणतात, ती नीट मिळाली तर तोच तुमचा सगळ्यात पक्का कागद असतो. सह्या पूर्ण असलेला व्यवहार दहा वर्षांनी उलटायची भीती कमी. चोरवाटेने केलेला व्यवहार मात्र रोज रात्री उशाशी घेऊन झोपावा लागतो.

आणि ज्यांची जमीन आहे, जे आपल्या आई-बाबांच्या सातबाऱ्यावर पहिल्यांदाच मोबाइलमध्ये नाव शोधणार आहेत, त्यांना एकच सांगणं. आज घरी गेलात की सातबारा काढून आजोबांना मोठ्याने वाचून दाखवा. त्यांना माहीत असतं की कोणता बांध कधी सरकला, कोणत्या कागदावर कधी अंगठा दिला. ते ऐकून घ्या, लिहून ठेवा. एजंट दारात येण्याआधी हे तुमच्याकडे असलं पाहिजे.

तुमच्या गावच्या कागदात कोणती विचित्र नोंद सापडली ते व्हॉइस नोट करून पाठवा. नाव, गट नंबर सांगू नका, फक्त नोंद सांगा. पुढच्या एपिसोडमध्ये तेंदूपत्त्याच्या करारातल्या बारीक अक्षरांवर बोलू. तोवर काळजी घ्या, आणि न वाचता सही करू नका!